‘क्रीप’ ते ‘किड ए’: रेडिओहेडचा बदललेला बाज

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे एकाच शाळेत शिकणाऱ्या पाच मुलांनी १९८५ मध्ये काढलेला बँड पुढे रेडिओहेड या नावाने गाजला. त्यांचे ‘क्रीप’ हे गाणे १९९२ मध्ये आले, तेव्हा ब्रिटनने त्याची फारशी दखल घेतली नाही. इस्राएल आणि अमेरिकेतील रेडिओ केंद्रांनी ते उचलून धरल्यावर मात्र त्याचे नाव झाले, आणि श्रोते त्याच एका गाण्यासाठी कार्यक्रमांना येऊ लागले. लवकरच बँडलाच त्या गाण्याचा वीट आला.

‘द बेंड्स’ (१९९५) या अल्बममध्ये तीन गिटारांची दाट वीण होती. बाज तोच, पण पक्का झालेला. ‘ओके कॉम्प्युटर’साठी (१९९७) त्यांनी स्वतःची सामग्री विकत घेऊन बाथजवळच्या एका जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रण केले. ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ हे सहा मिनिटांहून लांब गाणे त्यांनी सिंगल म्हणून काढले आणि ते चाललेही. पुढचा बाज कुठे जाणार याच्या खुणा याच अल्बममध्ये आहेत: ‘एअरबॅग’मधील ढोलाचे तुकडे संगणकावर कापून जोडलेले आहेत आणि ‘फिटर हॅपियर’मधील आवाज मॅकिंटॉश संगणकाचा आहे. बँडने एका रात्रीत कूस बदलली, ही पुढे रूढ झालेली समजूत त्यामुळे अर्धवटच ठरते.

बदलाची निकड लागोपाठच्या दौऱ्यांनी आणली. गायक टॉम यॉर्क १९९८ पर्यंत पार थकला होता आणि त्याला गाणी सुचेनाशी झाली होती. त्यातच ब्रिटनमधील नव्या बँडची तुलना रेडिओहेडशी होऊ लागली. स्वतःचाच बाज चहूकडून कानावर पडू लागला. यॉर्क या काळात एफेक्स ट्विन, ऑटेकर अशा कलाकारांचे यंत्रसंगीत ऐकत होता.

नव्या अल्बमचे काम जानेवारी १९९९ मध्ये पॅरिसला सुरू झाले आणि कोपनहेगन, ग्लॉस्टरशायर, ऑक्सफर्ड असे वर्षाहून अधिक काळ रेंगाळले. गिटार किंवा ढोल नसलेल्या गाण्यात आपण करायचे काय, हा प्रश्न वादकांपुढे होता. निर्माता नायजेल गॉडरिचने एकदा बँडचे दोन गट पाडले आणि नेहमीची वाद्ये वापरायची नाहीत अशी अट घातली. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडने सिंथेसायझरवर केलेल्या लांबलचक ध्वनिमुद्रणातून यॉर्कने काही सेकंदांचा तुकडा उचलला. त्या तुकड्यात संगीतकार पॉल लान्स्कीच्या १९७३ मधील संगणकीय रचनेचा अंश होता. त्यावर ‘इडियोटेक’ हे गाणे उभे राहिले. १९२८ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलेले ऑन्द मार्तनो हे फ्रेंच विद्युत्‌वाद्यही ग्रीनवुडने याच सुमारास हाती घेतले.

हा अल्बम ‘किड ए’ या नावाने ऑक्टोबर २००० मध्ये आला. त्यातून एकही सिंगल काढले नाही, नेहमीचे व्हिडिओही केले नाहीत. तरी ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर गेला. काही समीक्षकांनी मात्र त्याला आत्ममग्न ठरवले. रेकॉर्ड कंपनीने इतकी मोकळीक दिली, याचे श्रेय ‘ओके कॉम्प्युटर’च्या खपाला द्यावे लागते, अनोळखी बँडला हा हट्ट परवडला नसता. त्याच ध्वनिमुद्रणांतून उरलेल्या गाण्यांचा ‘ॲम्नेझियॅक’ २००१ मध्ये निघाला. ‘हेल टू द थीफ’मध्ये (२००३) गिटार पुन्हा पुढे आली, पण यंत्रांचे ठोके गेले नाहीत, ‘इन रेनबोज’मध्ये (२००७) दोन्ही एकाच गाण्यात सहज नांदताना दिसतात.