ठिसूळ हाडं आणि दातांचे इम्प्लांट

गैरसमज: हाडं ठिसूळ झाली की जबड्यात इम्प्लांट टिकत नाही.

वस्तुस्थिती: देहूरोडपासून पिंपरीपर्यंत कुठेही साठीतल्या बाईने दाढ बसवायचं काढलं, की शेजारपाजारचे हा निकाल आधीच देऊन मोकळे होतात. मुळात ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, निदान जबड्यावरून होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994च्या निकषानुसार हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्याचा किंवा खुब्याचा टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून कमी आला, तर हा आजार ठरतो. काढलेल्या दाढेच्या जागी हाड किती उरलं आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही; ते जबड्याच्या त्रिमितीय सीबीसीटी स्कॅनवर मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं. निरोगी माणसातही खालच्या जबड्याचं पुढचं हाड घट्ट आणि वरच्या दाढांमागचं सच्छिद्र असतं.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात ऑस्टिओपोरोसिस असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांत इम्प्लांट टिकण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. इम्प्लांटभोवतीची हाडाची झीज मात्र थोडी जास्त दिसली. हाड कमी असेल तर बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, करता येतो. तो भरून यायला काही महिने जातात आणि ठिसूळ हाडात जास्त थांबावं लागू शकतं. थांबावं लागणं म्हणजे नकार नव्हे!

खरी सावधगिरी ऑस्टिओपोरोसिसवरच्या औषधांबाबत हवी. बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेणाऱ्यांत दात काढल्यावर वा शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो. अमेरिकन मुखशल्यचिकित्सक संघटनेच्या 2022च्या निवेदनानुसार ऑस्टिओपोरोसिससाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांत तो 0.02 ते 0.05 टक्के, म्हणजे दहा हजारांत दोन ते पाच जणांना आहे. कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत तो कितीतरी जास्त असतो. म्हणून आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचं इंजेक्शन, वर्षाचं सलाईन यांतलं जे चालू असेल ते दंतवैद्याला सांगायलाच हवं.

गैरसमज: आधी गोळी बंद करायची, मग इम्प्लांट.
वस्तुस्थिती: बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं राहतं, डेनोसुमॅब परस्पर थांबवलं तर मणके मोडू शकतात. निर्णय दंतवैद्य आणि औषध देणारे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा.

गैरसमज: कॅल्शियम घेतलं की ग्राफ्ट हमखास धरतो.
वस्तुस्थिती: मिश्री, सिगारेट आणि चढलेली साखर तशीच राहिली, तर नुसत्या कॅल्शियमने भागत नाही.

गैरसमज: ऑस्टिओपोरोसिस हा बायकांचाच आजार.
वस्तुस्थिती: पुरुषांनाही होतो, विशेषतः दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांना.