बाबांची छत्री

नाहूरला आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवरून एकीकडे डोंगर दिसतात, दुसरीकडे रेल्वेचे रूळ. नववीतल्या माझ्या मुलीनं पुठ्ठ्याच्या नळीचं ४०० ग्रॅमचं रॉकेट केलं, तेव्हा या दाट वस्तीत ते उडवायचं नाही, हे आधीच ठरलं. पण नुसतं उतरवून पाहायला काय हरकत?

संगणकावर तिनं हिशेब मांडला. ९० सेंटिमीटर व्यासाचं पॅराशूट लावलं, तर रॉकेट सेकंदाला पावणेचार मीटर वेगानं, सहाएक सेकंदांत खाली येईल.

‘‘मग दुप्पट मोठंच करू!’’ मी म्हणालो.

‘‘बाबा, व्यास दुप्पट केला की वेग निम्मा. तेवढा वेळ ते वाऱ्यावर वाहत जाईल आणि रुळांवर पडेल!’’

कचऱ्याच्या पिशवीचं पॅराशूट तयार झालं. वॉचमननं खालचं अंगण मोकळं केलं. तिनं रॉकेट सोडलं आणि दोन सेकंदांत धाड! पिशवीच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. ती उघडेल, हे संगणकानं गृहीतच धरलं होतं.

ही धास्ती थोरामोठ्यांनाही असते. गगनयानाच्या तयारीत २४ ऑगस्ट २०२५ रोजी इस्रोनं सुमारे ५ टनांची प्रतिकृती हेलिकॉप्टरमधून खाली सोडली, ती पॅराशूटं नीट उघडतात का, हे पाहण्यासाठीच. ही आमचीच गच्ची, फक्त जरा उंच!

पण मुलगी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी माझ्या आईनं खुंटीवरची छत्री काढली. बाबा गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

‘‘काड्या गंजल्यात, कापड धड आहे,’’ एवढंच म्हणून ती उसवायला बसली. आठ पाकळ्या, दोऱ्यांसाठी आठ कोपरे आणि मधोमध दांड्याचं भोक! त्यातून थोडी हवा निसटते, म्हणून पॅराशूट हेलकावे कमी खातं. आईनं कोपऱ्यांना दुहेरी टाके घातले, दोऱ्या एका मापाच्या कापल्या, घडी सैल घातली.

या वेळी काळं कापड फट्‌कन फुललं. मुलगी मोठ्यानं मोजत होती. सहा म्हणताना रॉकेट अंगणात टेकलं.

आई खाली गेली. टाके तपासले, कापड झटकलं आणि नातीला म्हणाली, ‘‘भिजलं तर वाळवून ठेव हं. ओली छत्री गुंडाळलेली ह्यांना चालत नसे.’’