डाग इथे, गळती कुठे?

पावसाळा संपता संपता आमच्या पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर एक डाग दिसू लागला. रोज सकाळी, मोटारसायकलच्या डाव्या बाजूला, फूटरेस्टच्या बरोबर खाली, पेढ्याएवढा. मेकॅनिकने वाकून पाहिलं, ड्रेन नटचं वायसर गेलंय म्हणाला आणि ते बदललं. दुसऱ्या दिवशी डाग होताच. मग मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग बदललं. त्यासाठी गाडी अख्खा दिवस उघडी पडली. चौथ्या दिवशी पुन्हा तोच डाग, त्याच जागी.

मेकॅनिक कामात कच्चा नव्हता. जिथे ओलं दिसलं, तिथला भाग त्याने बदलला. पण गळतीच्या बाबतीत हीच सरळ वाट फसवते. कोकणातल्या कौलारू घरात पावसाळे काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. थेंब पडतो देवघरात आणि फुटलेलं कौल सापडतं माजघरावर; मधलं अंतर पाण्याने वाशाच्या पोटाला चिकटून कापलेलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

ऑइल या प्रवासात पाण्याहून तरबेज असतं. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तर इंजिन ऑइलचा तिसाच्या आसपास. पृष्ठताण कमी म्हणून ऑइल धातूवर थेंब धरून बसत नाही, पसरतं. केशाकर्षणामुळे ते बोल्टच्या आट्यांत, दोन कव्हरांच्या सांध्यात, इंजिनावरच्या पंखांच्या मुळाशी ओढलं जातं. गाडी धावत असताना वारा त्याला मागे ढकलतो, थांबली की गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. शेवटी ते सगळ्यात खालच्या एखाद्या टोकाशी पोहोचतं आणि पृष्ठताणाला पेलवेनासं वजन झालं की सुटतं. फरशीवरचा डाग आपल्याला फक्त हे शेवटचं टोक दाखवतो. शोध घ्यायचा तो उलट्या दिशेने, वर आणि पुढे. सगळ्यात उंचावरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका, तो खरा संशयित.

पण त्याआधी गळतंय काय, हे ठरवायला हवं. गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवावा. इंजिन ऑइल नवं असेल तर मधाच्या रंगाचं, जुनं असेल तर काळं. पेट्रोल उडून जातं, मागे वास आणि फिकट कडा राहते. खात्री नसेल तर पुठ्ठ्यावरचा थेंब काडीने पाण्याच्या वाटीत सोडावा. ऑइल वर तरंगतं आणि त्याचा पातळ पापुद्रा सप्तरंगी दिसतो. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळताना काही रंग उजळतात, काही मावळतात, म्हणून हे रंग. पावसात रस्त्यावर दिसतात तेच. कूलंट आणि ब्रेक ऑइल मात्र पाण्यात विरघळून जातात. आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण आपल्या गाड्यांत सहसा असतं ते डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचं ग्लायकॉलवर्गीय द्रव्य, तेल नव्हेच. टाकीवर सांडलं तर ते रंग उखडतं. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. त्याचं डबकं दिसलं तर आधी पुसावं, शोध नंतर. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि लहान मुलांपासूनही ते लांबच हवं.

ब्रेकच्या डबीतली पातळी उतरली म्हणून लगेच घाबरू नये. ब्रेक पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन थोडा बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे द्रव्य जाऊन बसतं. पातळी हळूहळू उतरते ती गळतीशिवाय. पण कॅलिपर किंवा नळीपाशी ओलं लागलं, तर गाडी जागची हलवू नये. पेट्रोल गळत असेल तरीही तेच.

पेट्रोलची एक गळती फार फसवी असते. कार्बोरेटरच्या गाडीत कॉक चालू राहिला आणि फ्लोटची सुई नीट बसली नाही, तर पेट्रोल ओघळत सिलिंडरमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून इंजिनात जातं. ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, ऑइल पातळ होतं आणि जिथून कधी गळत नव्हतं तिथून पाझरायला लागतं. माणूस सीलं बदलत बसतो आणि रोग असतो कार्बोरेटरमध्ये. डिपस्टिकचा वास घेतला तर हे एका मिनिटात कळतं. अशा वेळी इंजिन चालू करू नये. पेट्रोलचा बंदोबस्त करून ऑइल बदलल्यावरच करावं.

कूलंटने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांच्या वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं. पहिल्यांदा ते मला समजलं तेव्हा त्या रचनेने मी भारावून गेलो. पंपाच्या दांड्यावर दोन सीलं असतात, एक कूलंट अडवणारं आणि एक ऑइल अडवणारं. दोघांच्या मधली पोकळी या भोकाने बाहेर उघडी ठेवलेली असते. भोकातून कूलंट आलं तर कूलंटचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइलचं. भोक नसतं तर दोन्ही द्रव्यं आतल्या आत मिसळून बेअरिंगांची वाट लागली असती आणि बाहेर कुणाला पत्ता लागला नसता. काही लोक गळती थांबवायची म्हणून या भोकात एम-सील भरतात. तसं कधीही करू नये.

माझ्या पुठ्ठ्यावर मात्र काळपट इंजिन ऑइल होतं. मेकॅनिकचं तेवढं निदान बरोबर होतं.

आता एक प्रश्न मला सतावत होता. गाडी कालपर्यंत कोरडी होती, मग गळती एकाएकी कशी सुरू झाली? याचं उत्तर एका फ्रेंच डॉक्टरच्या कामात सापडतं. ज्याँ पॉझय याने १८४०च्या सुमारास रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं हे समजून घेण्यासाठी काचेच्या केसाएवढ्या नळ्यांतून द्रव सोडून मोजमापं केली. नळीची त्रिज्या दुप्पट केली तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळापट होतो, असं दिसलं. सपाट फटीला हाच हिशेब लावला तर फट दुप्पट झाल्यावर गळती आठपट होते. म्हणजे पॅकिंग किंवा सील वर्षानुवर्षं थोडं थोडं झिजतं आणि गळती डोळ्यांत भरते ती मात्र अचानक. त्यात उष्णतेची भर. नेहमीचं १०डब्ल्यू-३० ऑइल ४० अंश सेल्सिअसला जेवढं घट्ट असतं, त्याच्या सहा-सात पट पातळ ते १०० अंशांना होतं. म्हणून गार इंजिनाकडे पाहून गळतीचा अंदाज येत नाही. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणून तपासावी लागते.

सीलं बदलण्याआधी ब्रीदरची नळीही पाहावी. पिस्टन खाली येतो तेव्हा इंजिनाच्या पोटातली हवा दाबली जाते, रिंगांना चुकवून आलेला धूरही तिथेच साठतो. हा दाब बाहेर जायची वाट ब्रीदरमधून असते. ती चिखलाने बुजली किंवा दुमडली, तर दाब चांगल्या सीलांमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. तसं असेल तर दोषी नळी, आणि सीलं बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. माझी नळी मोकळी होती.

मग मी इंजिन डिझेलने धुतलं, साबणाने धुतलं, सुकवलं आणि डाव्या बाजूला टाल्कम पावडर भुरभुरली. हा उपाय रेल्वेच्या कारखान्यांइतका जुना आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस तिथे आस आणि चाकांचे भाग तेलात बुडवून ठेवत, पुसून घेत आणि वरून खडूचा थर देत. तडा असेल तर आत शिरलेलं तेल खडूत पाझरून वर यायचं आणि डोळ्यांना न दिसणारी चीर पांढऱ्यावर काळी उमटायची.

पावडर लावून गाडी दोन रात्री डबल स्टँडवर ठेवली. एक ठिपका नाही. तिसऱ्या रात्री साइड स्टँडवर ठेवली. सकाळी डाग हजर. इतके दिवस मी डाग कुठे पडतो ते पाहत होतो, गाडी कशी उभी आहे ते पाहिलंच नव्हतं. साइड स्टँडवर गाडी १० अंश डावीकडे कलते असं धरू. इंजिन ३० सेंटिमीटर रुंद असेल तर मध्यापासून डावी कड १५ सेंटिमीटरवर येते, आणि त्या कडेला ऑइलची पातळी सुमारे अडीच सेंटिमीटर वर चढते. सरळ उभ्या गाडीत जे सील ऑइलच्या वर कोरडं राहतं, ते कललेल्या गाडीत रात्रभर बुडतं.

पावडरमधली काळी रेघ पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या मागे जात होती. तळहाताएवढ्या त्या जागेत तीन संशयित एकमेकांना खेटून होते: स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील, गिअर शाफ्टचं सील आणि न्यूट्रल स्विचची रबरी रिंग. वर चेनच्या वंगणाचा चिकट चिखल. पावडर तिथे कामाची नव्हती.

इथे मला डॅन्यूब नदीची गोष्ट आठवली. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ या नदीचं पाणी पात्रातल्या चुनखडीत मुरतं. कोरड्या दिवसांत अख्खी नदी तिथे नाहीशी होते. दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा आहे. त्याचं पाणी ऱ्हाईनला मिळतं. हे पाणी डॅन्यूबचंच का, यावर डॅन्यूबच्या आणि आखच्या काठांवरच्या गिरणीवाल्यांचा वाद पेटला होता. १८७७च्या ऑक्टोबरात आडोल्फ क्नोप या भूवैज्ञानिकाने नदी गडप होते तिथे २० टन मीठ, १,२०० किलो शेल तेल आणि १० किलो फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य टाकलं. सुमारे ६० तासांनी आखचं पाणी हिरवं चमकू लागलं, आणि ते खारटही लागत होतं. काळ्या समुद्राकडे निघालेली नदी जमिनीखालून उत्तर समुद्राकडे गळत होती. फ्लुओरेसिन तेव्हा अवघं सहा वर्षांचं होतं. रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायरने ते १८७१मध्ये बनवलं होतं.

अशी द्रव्यं डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि लांब तरंगलांबीचा, म्हणजे दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. १८५२मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणात हे उलगडून दाखवलं. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. ऑइलमध्ये विरघळणारी अशी रंगद्रव्यं मिळतात. मी थोडंसं इंजिनात टाकलं, गाडी फिरवून आणली, साइड स्टँडवर लावली आणि दिवे मालवून नोटा तपासायचा अतिनील टॉर्च लावला. स्प्रॉकेटचं कव्हर काढलेलं होतं. सगळ्या काळ्या चिखलातून एकच पिवळी-हिरवी रेघ चमकत होती, गिअर शाफ्टच्या सीलपासून निघून मॅग्नेट कव्हरच्या कडेने, फ्रेमच्या पट्टीवरून फूटरेस्टच्या नटापर्यंत. न्यूट्रल स्विच कोरडा. स्प्रॉकेटचं सीलही कोरडं.

ते सील रुपयाच्या नाण्याएवढं. त्याच्या रबरी ओठाला एक बारीक स्प्रिंग शाफ्टवर आवळून धरते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबरातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत जास्त गुंततात, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं निघून जातात आणि ओठ कडक होतो. जुनं सील नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखं लागलं. नवं दबून लगेच परत आलं. मेकॅनिकनेच ते बसवलं. टॉर्चखाली ती रेघ त्यालाही दाखवली तेव्हा तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून पाहत राहिला.

त्यानंतर आठ दिवस गाडी मुद्दाम साइड स्टँडवर ठेवली, खाली रोज नवा पुठ्ठा. आठही पुठ्ठे पांढरे राहिले. फरशी मी सोडा लावून तीनदा घासली आहे आणि दिवसा तिथे काही दिसत नाही. रात्री टॉर्च मारला की शहाबादीच्या अंगात मुरलेला तो गोल अजून हिरवा उजळतो.