मशेरीमुक्त मातृत्व : घराची व गावाची जबाबदारी

पहाटे चूल पेटण्यापूर्वी मशेरीची डबी उघडते, हे दृश्य महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही आढळते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड प्रथम दात घासण्यासाठी हाती घेतली जाते. पुढे दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांना लावल्याखेरीज चैन पडत नाही. विडी ओढणाऱ्यास व्यसनी म्हणणारे घर मशेरी लावणाऱ्या सुनेला मात्र व्यसनी मानीत नाही. म्हणूनच गरोदरपणीही तिला कोणी त्याविषयी विचारीत नाही.

गर्भावरील परिणाम

मशेरीतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात व वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. रक्तवाहिन्या आकुंचन पावून गर्भाचे पोषण घटते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मशेरी वा तत्सम धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाणही अधिक आढळले.

उपचाराची दिशा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या शिफारशींनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीकडे तंबाखूविषयी चौकशी करून तिला समुपदेशन द्यावयास हवे. ही चौकशी एकांतात व आपुलकीने व्हावी. रागावल्यास डबी सुटत नाही, केवळ लपविली जाते. सवय सोडताना काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, झोप लागत नाही. त्या दिवसांत घरच्यांनी कामाचा भार हलका करावा. औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. एखादी स्त्री नित्य मद्य घेत असेल, तर ते घरी एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात. तिला रुग्णालयातच न्यावे.

बाळंतपणानंतरची कसोटी

सासरी सुटलेली सवय माहेरी पुन्हा जडू शकते. कारण तेथे आईचीच डबी हाताशी असते. जागरण आणि थकवा यांचीही भर पडते. निकोटीन दुधात उतरते, हे खरे. तथापि त्या भीतीने अंगावरचे दूध तोडू नये, मशेरी तोडावी. सवय पुन्हा जडलीच, तर तो गुन्हा न मानता उपचार पुन्हा सुरू करावेत.

आशा कार्यकर्तीने सासर-माहेर दोन्हीकडील भेटींत हा प्रश्न विचारावा. शिक्षकांनी पालकसभेत व पंचायत सदस्यांनी महिला ग्रामसभेत तो मांडावा. १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. मात्र सुनेबरोबर सासूनेही डबी बाजूला ठेवली, तर त्याहून मोठा आधार दुसरा नाही.