फ्लॅट भाड्याने दिलाय? मग घरपट्टीची पावती जपून ठेवा

आज जरा घरचंच सांगतो. पुण्यात आमचा एक वन बीएचके आहे. आम्ही तिथे राहायचो तोवर घरपट्टी, म्हणजे महापालिकेचा मिळकतकर, बाबा भरायचे. मग आम्ही मोठ्या घरात आलो, तो फ्लॅट भाड्याने दिला आणि सगळा व्यवहार माझ्याकडे आला. बिल बघून मी म्हटलं, अरे वा, फारच कमी आहे की! (हसू)

कमी होतं, कारण त्यात ४० टक्के सवलत होती. पुणे महापालिका ती देते मालक स्वतः राहतो त्या घराला. मध्ये काही वर्षं ती गेली होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने परत आणली, तेव्हा बाबांनी पीटी-३ अर्ज भरला होता. तेव्हा आम्ही खरंच तिथे राहत होतो. पण भाडेकरू आला, की सवलत संपली. हे महापालिकेला कळवायचं कुणी? आपणच. नाही कळवलं तर पुढे फरकाचं बिल येऊ शकतं, आणि थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती. वर्षाचे झाले २४! मी कळवून आलो. बिल वाढलं. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू?

पण या वाढलेल्या बिलाचा थोडा भाग इन्कम टॅक्समध्ये परत मिळतो. समजा, भाडं महिना २०,०००, म्हणजे वर्षाला २,४०,०००. घरपट्टी भरली १८,०००. ती आधी वजा होते, उरले २,२२,०००. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, तुम्ही दुरुस्तीला रुपयाही खर्च केला नसला तरी. म्हणजे टॅक्स लागणार १,५५,४०० वर. घरपट्टी भरलीच नसती तर १,६८,००० वर लागला असता. नव्या करप्रणालीतही हे चालतं.

इथे मी जवळजवळ फसलो होतो. मित्र म्हणाला, "भाडेकरूलाच भरायला लाव ना!" पण वजावट मिळते ती मालकाने स्वतः भरलेल्या घरपट्टीची, आणि ज्या वर्षात पैसे भरले त्याच वर्षी. बिल नुसतं आलंय, ३१ मार्चपर्यंत भरलं नाही, तर त्या वर्षी शून्य. उलट मागची थकबाकी यंदा भरली, तर तीही यंदा वजा होते.

म्हणून आता मी भाडं ठरवतानाच घरपट्टी धरून आकडा सांगतो आणि बिल माझ्या खात्यातून भरतो. पावतीची पीडीएफ लगेच बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर. ते अजून विचारतात, "भरलीस का रे?"