ट्रक भाड्याचा, देखभाल कंपनीची. मंदीचे महिने कोणाचे?

गोंदिया, प्रतिनिधी : कर्ज काढून ट्रक घ्यायचा, हप्ते फेडायचे आणि मधल्या काळात इंजिन बसले की पुन्हा उसनवारी करायची, हे चालक-मालकांच्या नित्याच्या अनुभवाचे चक्र. त्याला पर्याय म्हणून देखभालीसह भाडेपट्ट्याची पद्धत पुढे आली आहे. ट्रक कंपनीचा, दुरुस्तीही कंपनीची. चालक-मालकाने दरमहा ठरलेले भाडे भरायचे आणि गाडी चालवायची. मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या ताफ्यांत ही पद्धत अधिक रुळलेली असली, तरी एक-दोन गाड्या असणाऱ्यांनाही तिचे आकर्षण वाटू लागले आहे. धानाच्या हंगामावर चालणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात मात्र या व्यवहाराचे यशापयश दुरुस्तीच्या खर्चापेक्षा वर्षभरात मिळणाऱ्या फेऱ्यांवर अवलंबून आहे.

हप्ता आणि भाडे यांतील फरक

तारण कर्जात ट्रक चालक-मालकाच्या नावावर असतो आणि त्यावर वित्तसंस्थेचा बोजा चढतो. कर्ज फिटले की बोजा उतरतो व गाडी त्याची होते. भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता भरल्यावर मालकी मिळते. भाडेपट्ट्यात मात्र मुदत संपल्यावर ट्रक साधारणपणे कंपनीकडे परत जातो. म्हणजे चार-पाच वर्षांनंतर हाती जुनी गाडी आणि तिची विक्री-किंमत उरत नाही. त्या मोबदल्यात सुरुवातीची मोठी रक्कम उभी करावी लागत नाही आणि दुरुस्तीचा अनिश्चित खर्च ठरावीक रकमेत बांधला जातो.

देखभालीचे आकर्षण कशामुळे?

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हे प्रदूषण मानक लागू झाले. या गाड्यांतील इंधनपुरवठा आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा सेन्सरवर चालते. डिझेलबरोबरच बहुतेक जड ट्रकांत डीईएफ हा द्रवही भरावा लागतो. एखाद्या सेन्सरमध्ये बिघाड झाला, तर संगणकीय तपासणीशिवाय दोष सापडत नाही. पूर्वी रस्त्याकाठच्या गॅरेजमध्ये मिस्त्री पान्याने करीत असे ते काम आता अनेकदा अधिकृत सेवाकेंद्राकडे जाते. कोहमारा किंवा देवरीजवळ राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, म्हणजे पूर्वीच्या सहा क्रमांकाच्या महामार्गावर, माल भरलेली गाडी बंद पडली तर दुरुस्तीच्या बिलासोबत भाडेही बुडते. त्यामुळे देखभालीची हमी मोलाची वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु 'देखभालीसह' या शब्दात सारे काही सामावत नाही. टायर, बॅटरी, अपघाताचे नुकसान आणि जादा भारामुळे झालेली मोडतोड बहुधा करारातून वगळलेली असते. गाडी दुरुस्तीला उभी असताना भाडे चालू राहणार की थांबणार, हा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा.

धानाचा हंगाम आणि रिकामे महिने

खरिपाचे धान निघाल्यावर मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रांवर आवक वाढते. केंद्रावरून गिरणीत धान आणि भरडाईनंतर गिरणीतून गोदामात तांदूळ, अशी वाहतूक सुरू होते. उन्हाळी धानामुळे मे-जूनमध्ये पुन्हा थोडी गती येते. पावसाळ्यात मात्र ट्रक उभे राहतात. तिरोडा येथील ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पाची राख वर्षभर निघते. पण कोरड्या राखेला बल्कर आणि ओल्या राखेला टिप्पर लागतो. धानाची पोती वाहणारा ट्रक त्या कामाला सहज लावता येत नाही.

काल्पनिक आकड्यांवरून हे गणित समजून घेता येईल. समजा, मासिक भाडे ९० हजार रुपये आहे आणि डिझेल, टोल, हमाली वजा जाता एका फेरीतून १५ हजार उरतात. म्हणजे सहा फेऱ्या भाड्यातच जातात. हंगामाच्या सात महिन्यांत दरमहा आठ आणि उरलेल्या पाच महिन्यांत दरमहा चार फेऱ्या मिळाल्या, तर वर्षाच्या ७६ फेऱ्यांतून ११ लाख ४० हजार रुपये येतील. भाड्यापोटी १० लाख ८० हजार जातील. उरतील केवळ ६० हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार. शिवाय मंदीच्या प्रत्येक महिन्यात ३० हजारांची तूट पदरची भरावी लागेल. दरमहा सरासरी आठ फेऱ्या वर्षभर मिळणाऱ्याला मात्र याच करारातून ३ लाख ६० हजार उरतील.

भाड्यावरील वस्तू व सेवा कराचाही विचार हवा. नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याची वजावट मिळू शकते. नोंदणी नसलेल्या चालक-मालकाला तो स्वतःच सोसावा लागतो. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरील हा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने खरेदीचा पर्यायही पूर्वीपेक्षा स्वस्त झाला आहे.

कायद्याच्या नजरेत मालक कोण?

ट्रक कंपनीचा म्हणून जबाबदारीही कंपनीची, हा समज धोक्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार भाडेपट्टा, भाडे-खरेदी किंवा तारण करारातील वाहन ज्याच्या ताब्यात असते, तोच त्या कायद्यापुरता मालक मानला जातो. कलम ५१ प्रमाणे अशा कराराची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर होते. त्यामुळे विमा खंडित असताना अपघात झाल्यास भरपाईचा बोजा चालक-मालकावर येऊ शकतो.

जादा भाराचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. भाडे भरून काढण्यासाठी जादा माल भरला, तर दंड होईलच, पण देखभालीचा हक्क नाकारण्यास कंपनीला कारणही मिळेल.

भाडे थकल्यास गाडी परत घेण्याचा अधिकार कंपनी करारात राखून ठेवते. मात्र गाडी दांडगाईने ओढून नेता येत नाही. वसुलीसाठी गुंडांचा वापर न करता कायदेशीर मार्गानेच ताबा घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात बजावले आहे.

सही करण्यापूर्वी तपासावे

- सेवाकेंद्र गोंदियात आहे, की गाडी नागपूर वा रायपूरला न्यावी लागेल?
- गाडी किती तास बंद राहिल्यास भाड्यात सूट किंवा बदली ट्रक मिळेल?
- किलोमीटरची मर्यादा किती? ती ओलांडल्यास जादा दर काय?
- विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि रस्ता कर कोणी भरायचा?
- मुदतीपूर्वी ट्रक परत केल्यास दंड किती? अनामत रक्कम केव्हा परत मिळेल?
- हंगामात जास्त आणि पावसाळ्यात कमी, अशी भाड्याची विभागणी मान्य आहे काय?

यांपैकी शेवटचा मुद्दा गोंदियाच्या चालक-मालकासाठी कळीचा ठरतो. अशा विभागणीने वर्षाचे एकूण भाडे कमी होणार नाही. पण रिकाम्या महिन्यात भाडे थकून गाडी हातची जाण्याचा धोका कमी होईल. त्यासाठी कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा गेल्या वर्षीच्या बिल्ट्या अधिक उपयोगी आहेत. त्यांवरून महिनावार फेऱ्या मोजाव्यात आणि सर्वांत वाईट महिन्याची कमाई भाड्यासमोर मांडावी. ती तूट बचतीतून भरण्याची सोय नसेल, तर देखभालीची हमी कितीही आकर्षक असली तरी तो करार परवडणारा नाही.