हात आधी पोचतो की ब्रेक? लाइट कर्टनचं साधं गणित

आजचा विषय पॉवर प्रेस. पत्र्याचे पार्ट ठोकून काढणाऱ्या या मशीनवर आजही कामगारांची बोटं जातात. आपल्या भोसरी-चाकणकडे प्रेस शॉप भरपूर, त्यामुळे हे समजून घेऊया.

उपाय म्हणून डायसमोर लाइट कर्टन लावतात. दोन उभ्या पट्ट्या: एक इन्फ्रारेड किरण सोडते, दुसरी ते पकडते. हात मध्ये आला की किरण अडतो आणि प्रेसला थांबायचा आदेश जातो.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडते. कर्टन 'धोका आहे' असं ओरडत नाही. तो सतत 'रस्ता मोकळा आहे' एवढंच सांगत राहतो. वायर तुटली, वीज गेली, तर ते सांगणं बंद पडतं आणि प्रेस थांबते. म्हणजे बिघाडसुद्धा कामगाराच्या बाजूने!

पण आदेश मिळाला म्हणजे प्रेस थांबली असं नाही. कर्टनला, कंट्रोलला, ब्रेकला, सगळ्यांना थोडा थोडा वेळ लागतो. तेवढ्यात हात पुढे सरकतोच. म्हणून कर्टन डायपासून किती लांब लावायचा, याचा हिशोब आयएसओ १३८५५ या मानकात दिलाय. त्यात जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. थांबायला एकूण ०.१५ सेकंद लागत असतील, तर २००० गुणिले ०.१५, म्हणजे ३०० मिलिमीटर. हे झालं १४ मिलिमीटरपर्यंतची वस्तू ओळखणाऱ्या बारीक कर्टनचं. किरण विरळ असतील तर अंतर आणखी वाढतं.

आता खरी गोम. वर्षभरात ब्रेक झिजला आणि वेळ ०.२० सेकंद झाला. अंतर हवं ४०० मिलिमीटर, कर्टन मात्र ३००वरच. दिवा हिरवा, सेन्सर ठणठणीत, आणि तरीही हात आधी पोचणार! म्हणून नुसता किरण अडवून बघणं पुरेसं नाही; थांबायचा वेळ ठरावीक काळाने मोजायलाच हवा.

आणि जुन्या की-क्लच प्रेसचं काय? तिथे क्लच एकदा लागला की फेरी पूर्ण होणारच, मध्ये थांबणं नाही. तिथे कर्टन लावून हात वाचत नाही. हात आत जाणारच नाही असं पक्कं गार्ड लागतं.

थोडक्यात, माणूस दिसणं वेगळं आणि मशीन वेळेत थांबणं वेगळं. तुमच्या शॉपमध्ये थांबायचा वेळ शेवटचा कधी मोजला होता? मेंटेनन्सवाल्यांना उद्याच विचारा. भेटू पुढच्या भागात!